बिनदिव्याची परात

१

रात्रपाळीच्या माणसाचा दिवस उलटा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं घरही उलटं असतं, हे फक्त त्याच्या बायकोला कळतं. गाव कामाला लागतं तेव्हा तो कंपनीच्या बसमधून उतरतो आणि लोक जेवायला बसतात तेव्हा त्याची झोप ऐन भरात आलेली असते. कैलासने बोईसरच्या एमआयडीसीत केमिस्टची नोकरी धरली त्याला वीसेक वर्षं झाली होती, आणि त्यातली निम्मी त्याने थर्ड शिफ्टमध्येच घालवली होती. जवळच समुद्रकाठी नवापूरला येसूबाईंच्या घराची मागची बाजू त्याने भाड्याने घेतली होती. बाहेरची खोली, मधली झोपायची, शेवटी स्वयंपाकघर. मधल्या खोलीच्या काचांना उत्कर्षाने, म्हणजे त्याच्या बायकोने, काळा कागद चिकटवला होता. नवऱ्याला दिवसा झोप लागावी म्हणून स्वतः दिवसभर अंधारात चाचपडणारी बाई ती.

उत्कर्षा पावसाळ्यात गेली. आता थंडी पडायला लागली होती.

सकाळी बसमधून उतरलं की कैलास बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या मांडवांमधून चालत घरी यायचा. कुलूप काढायचा. पूर्वी कुलूप नसायचं, नुसती कडी काढल्याचा आवाज यायचा आणि मागोमाग, "आलात का?" आता तो स्वतःच दारात जरा थांबायचा, मग आत जायचा. एका कपाचा चहा करायचा. एका कपाचा चहा कधीच चांगला होत नाही. एकतर पाणी जास्त, नाहीतर साखर. मग बाहेरच्या खोलीत दाराशी ठेवलेल्या परातीतलं तांदळाचं पीठ जुन्या लग्नपत्रिकेच्या कडेने सपाट करायचा आणि तिच्या शेजारी दिवा लावायचा. दुसरी तशीच परात स्वयंपाकघरात ओट्यावर. तीही सपाट करायची. तिथे दिवा नाही.

मग मधल्या खोलीत पलंगावर पडायचा, भिंतीच्या कडेला सरकून. उत्कर्षाला हातपाय पसरून झोपायची सवय होती, त्यामुळे बाराही महिने त्याच्या वाट्याला कडच यायची. तिची उशी तिच्या जागेवर होती. तो तिच्याकडे पाठ करून झोपायचा, कारण तोंड करून झोप लागत नव्हती.

त्या दिवशी तो चारच्या सुमाराला उठला आणि डोळे चोळत स्वयंपाकघरात गेला. ओट्यावरच्या परातीत, मधोमध, पिठात एक खळगा पडला होता.

२

या दोन परातींची हकिगत आधी सांगायला हवी, नाहीतर कैलासला वेड लागलं होतं असं कुणी म्हणेल. तसं म्हणणारे पुढे निघालेच, पण तेव्हा तो चांगला शहाणा होता. जरा जास्तच शहाणा, असं उत्कर्षा म्हणायची.

बोईसरच्या आठ-दहा जणांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. रविवारी सफाळ्याच्या, मनोरच्या शाळांत जायचं, लिंबातून रक्त काढून दाखवायचं, बिनकाडीची आग पेटवायची, आणि पोरांचे डोळे विस्फारले की मग रसायनांच्या बाटल्या टेबलावर मांडून सगळं समजावून सांगायचं. कैलास त्या मंडळाचा कणा. आणि त्याच्या घरात देव्हारा, गुरुवारचा उपास, संकष्टी, सगळं व्यवस्थित चाललेलं. त्याच्या शर्टाचे पर्मँगनेटचे डाग उत्कर्षाच घासायची आणि तेच हात धुऊन देवापुढे दिवा लावायची. दोघांचं कधी कडाक्याचं भांडण झालं नाही. त्याने टोमणा मारायचा, तिने परतवायचा, असं चालायचं.

एकदा गावात एक म्हातारा वारला. येसूबाईंनी तिथे दिवा लावून शेजारी पीठ पसरलं होतं. बाराव्याला पिठावर काही उमटलं आहे का बघतात. गेलेला माणूस येऊन गेला की खूण राहते म्हणतात. उत्कर्षा बघून आली आणि रात्री भांडी विसळताना म्हणाली, "मी गेले तर माझ्यासाठी ठेवाल ना हो पीठ?"

"ठेवीन की," कैलास म्हणाला. "पण तशीच दुसरी परातही ठेवीन, बिनदिव्याची. प्रयोग करायचा तर रीतसर करायचा. दोन्हींत उमटलं तर मुंग्या आणि झुरळं. नुसतं दिव्याच्या परातीत उमटलं तर तू."

"आणि नुसतं दुसऱ्या परातीत उमटलं तर?"

वेळ मारून न्यायला तो म्हणाला, "मग जो कोण येईल त्याला चहा पाजू."

"तुम्हीच करा मग. मी नसेन," ती म्हणाली आणि पातेलं उपडं घातलं.

पुढे पावसाळ्यात तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. पालघरला दवाखान्यात नेईपर्यंतही ती राहिली नाही. कैलासने कुठलेच विधी करायचे नाहीत असं ठरवलं होतं, आणि ठरवल्याप्रमाणे तो वागलाही. पण स्मशानातून परत आला तेव्हा बाहेरच्या खोलीत येसूबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या कोळीण, पदर खोचलेला, हातात तेलाची बाटली.

"भाऊ, दिवा लावते, पीठ मांडते," त्या म्हणाल्या. "तुमी मानता का नाय, ते तुमचं. ती मानीत होती."

यावर वाद घालायला लागतं तेवढं बळ त्याच्या अंगात उरलं नव्हतं. बाराव्या दिवशी येसूबाई गुडघ्यावर हात टेकून वाकल्या, पिठाकडे बराच वेळ बघत राहिल्या. पीठ जसंच्या तसं होतं.

"काय नाय उमटलं," त्या म्हणाल्या. "निवांत गेली बाय. जीव कशात अडकला नाय तिचा."

मंडळातल्या माणसाला याचा आनंद व्हायला हवा होता. कैलासला राग आला. कशातच अडकला नाही? वीस वर्षं मी इथे होतो, माझ्यात पण नाही? येसूबाई परात उचलायला लागल्या तेव्हा त्याने त्यांचा हात धरला. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं काहीतरी तो पुटपुटला. आणि दुसऱ्याच दिवशी बोईसरच्या बाजारातून त्याच मापाची, त्याच काठाची दुसरी परात घेऊन आला. शास्त्र म्हणजे शास्त्र. दिव्याचं तेल संपलं की तेही आणायचा. मंडळाच्या बैठकींना मात्र जाईनासा झाला.

३

तर तो खळगा.

कैलास तो पाहून घाबरला नाही. त्याने आधी चष्मा आणला. खळगा अंगठ्याएवढा होता, कडा ढासळलेल्या. पाल वरून पडली असेल. उंदीर असेल. उंदराच्या पायाचे ठसे मात्र आजूबाजूला नव्हते, लेंडी नव्हती. बाहेरच्या खोलीत जाऊन बघितलं, तर दिव्याच्या परातीतलं पीठ गुळगुळीत.

त्याने ओटा पुसून घेतला, मोठ्या थाळ्यात पाणी भरलं आणि परात त्यात मधोमध ठेवली. मुंगीचा प्रश्न मिटला. मागच्या दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं, खिडकी लावून टाकली. उंदीर, पाल, वारा, एकेकाला बाद करत गेला. कित्येक दिवसांनी त्याला हातांना काम मिळालं होतं.

त्यानंतर चार-दोन दिवस काहीच नाही. मग एका दुपारी खळगा मोठा झालेला. आता तो खळगा नव्हता. चार बोटं पिठात रुतवून कडेकडे ओढून आणली होती, आपण पातेल्यातलं शेवटचं पिठलं बोटांनी निपटून घेतो तसं. आणि पीठ कमी झालं होतं.

कैलास ओट्याला टेकून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी आलं. भाकरी थापता थापता कोरडं पीठ चिमटीने तोंडात टाकायची उत्कर्षाला खोड होती. "पोटात जंत होतील," असं तो म्हणायचा आणि ती पाठ फिरवून आणखी एक चिमूट टाकायची.

"उत्कर्षा?" तो म्हणाला.

फ्रिज गुरगुरत होता. बाहेर बांबूंवर वाळलेले बोंबील वाऱ्याने एकमेकांवर घासत होते. बाकी काही नाही.

४

पुढचे दिवस त्याचे बरे गेले, हे कबूल करायला हवं. माणसाला घरी जायची ओढ असली की पाळी कशीही सरते. सकाळी आल्यावर तो स्वयंपाकघराशी बोलायला लागला. आज बॉयलर बंद पडला होता, आज तारापूरच्या रस्त्यावर ट्रक उलटला, असं सगळं. पीठ सपाट करताना हलक्या आवाजात म्हणायचा, "तांदूळ जुना आहे हं, नवा आणला की घालतो." त्याचं त्यालाच हसू यायचं. शाळांमधल्या पोरांनी बघितलं असतं तर?

एका सकाळी बसमध्ये आनंदा म्हणाला, "कैलासराव, तब्येत सुधारली तुमची. कुणी हाय का काय जेवणबिवण करायला?" आनंदा नगरकडचा, त्याच्याच पाळीतला ऑपरेटर, मंडळातही असायचा. चौकशी करणारा तो एकटाच माणूस उरला होता.

कैलासने त्याला सांगून टाकलं. सगळं नाही, घरातलं पीठ आपोआप कमी होतं, इतकंच.

आनंदाने खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाला, "राग येऊ देऊ नका. माझा चुलता झोपेत उठून म्हशीला वैरण टाकायचा. सकाळी त्याला पत्ता नसायचा. रात्रपाळीचा माणूस तुम्ही, त्यात एकटे. तुम्हीच खात असाल."

कैलासला हे आवडलं नाही, कारण ते पटण्यासारखं होतं.

त्याच दिवशी येसूबाई सुकटीचा वाटा द्यायला मागच्या दाराने आल्या. तो अजून झोपला नव्हता, पीठही सपाट करायचं राहिलं होतं. त्यांनी ओट्यावर सुकट ठेवली, पाण्याच्या थाळ्यातल्या परातीकडे बघितलं, मग वाकून बाहेरच्या खोलीतल्या दिव्याकडे बघितलं.

"दोन कशाला, भाऊ?"

त्याने समजावून सांगितलं. शाळेत सांगायचा तसंच, सोपं करून: एक जिच्यासाठी दिवा आहे तिची, दुसरी नुसती तुलनेला.

"तुलनेला म्हंजे कोनासाटी?"

"कुणासाठी नाही, मावशी. तीच तर गंमत आहे."

येसूबाईंनी परातीतली बोटांची ओढ पाहिली आणि दोन पावलं मागे सरकल्या. त्यांचा पदर थाळ्यातल्या पाण्याला लागणार होता, तो त्यांनी गोळा करून छातीशी धरला.

"पीठ मांडलं, आन नाव कोनाचंच घेतलं नाय," त्या हळू म्हणाल्या. "असं कोन करतं, भाऊ?"

"उत्कर्षाच आहे ती. तिला कोरडं पीठ आवडायचं."

"तिच्यासाटी दिवा हाय. दिवा सोडून बाय अंधारात कशाला येईल?"

कैलासने सुकटीचा वाटा उचलून फळीवर ठेवला.

"मला काय ठाव कोन हाय," येसूबाई म्हणाल्या. "इतं दर्यात किती गेले, त्यांना दिवा लावायला कोनी नव्हतं. तुमच्या कंपन्यांत परमुलखातले आले, गेले, नाव बी ठाव नाय. कोनी बोलावलं नाय त्यांना. तुमी बोलावलंत." त्यांनी दाराला हात लावला. "दोनी पराती भरतीच्या पान्यात रित्या करा. हे तुजं घर नाय, एवडं बोला, आन मागं बघू नका. आयका माजं."

त्या गेल्यावर त्याला हसू आलं नाही. तो नेहमीसारखा पलंगावर पडला. मावशींचं अडाणी बोलणं, असं त्याने दोन-तीनदा स्वतःला सांगितलं. आणि पराती रित्या केल्या तर? त्या खुणा तिच्याच असल्या तर? एकदा गमावली ती पुन्हा आपल्याच हाताने समुद्रात सोडायची?

पण दिवा सोडून ती अंधारात का येईल?

५

शेवटी त्याने आपल्या विद्येचाच आधार घेतला. प्रयोगशाळेतून फिनॉल्फ्थॅलीनची थोडी पूड कागदात बांधून आणली. शाळेतल्या खेळात त्याचं हे लाडकं रसायन: पांढरीशुभ्र पूड, वास नाही, दिसत नाही, पण धुण्याच्या सोड्याचं पाणी लागलं की लालगुलाबी होते. हातमोजे घालून त्याने ती ओट्यावरच्या परातीतल्या पिठात मिसळली, पीठ सपाट केलं, मग मोजे बाहेर नेऊन टाकले. सोड्याचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरून पलंगाखाली ठेवलं. आता झोपेत आपणच पीठ खात असू तर उठल्यावर हात बोलतील. आनंदा बरोबर ठरला तर प्रश्न मिटला. डॉक्टरकडे जाता येईल. हात कोरे निघाले तर उत्कर्षा. त्याने दोनच शक्यता धरल्या होत्या.

दिव्याची परात सपाट केली, दिवा लावला, कडेला सरकून पडला.

काळ्या कागदामुळे खोलीत नेहमीचा मळकट अंधार होता. बाहेर गावाची सकाळ चालू होती. कुणाची तरी स्कूटर, मासळी ओतल्याचा आवाज, कावळे. त्या आवाजांत त्याला झोप लागली.

जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबल्याने. कडाप्प्याच्या ओट्यावर स्टीलची परात सरकल्यासारखं काहीतरी झोपेत ऐकू येत होतं आणि ते थांबलं होतं. कावळेही गप्प होते. दुपारच्या जेवणानंतर गाव आडवं होतं ती वेळ असावी. त्याने डोळे उघडले नाहीत. भिंतीकडे तोंड करून तो श्वास मोजूनमापून घेत राहिला, जागं असल्याचं कळू नये म्हणून. कुणाला कळू नये, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

मग पलंगाची ती बाजू दबली.

फार नाही. थकलेलं माणूस कुणाला न उठवता अलगद आडवं होतं तेवढीच. कैलासच्या अंगावरची चादर किंचित ताणली गेली. ऊब मात्र आली नाही. इतकी वर्षं त्या बाजूने ऊब येत होती, ती या खेपेला आली नाही, आणि थंडावाही आला नाही. तो भिंतीला आणखी चिकटला. उत्कर्षा, तो मनात म्हणाला. तूच ना? वळून बघायला फक्त मान फिरवायची होती. त्याने फिरवली नाही.

केव्हातरी कावळे पुन्हा ओरडले आणि तो उठून बसला. पलंग रिकामा होता.

६

हातांवर आधी फवारा मारला. दोन्ही तळवे, नखं, बोटांच्या बेचक्या. पाणी ओघळलं, हात पांढरेच राहिले. झोपेत धुतले असतील म्हणून मोरी बघितली. मोरी कोरडी, तिथे फवारलं, काही नाही. ओठांवर ओला बोळा फिरवला, तोही पांढरा. मग त्याच्या छातीत काहीतरी उमललं. आनंदा चुकला होता.

स्वयंपाकघरात परात जवळजवळ रिकामी होती. पाण्याच्या थाळ्याभोवती त्याने फवारलं आणि ओट्याची कड गुलाबी झाली. खाली फरशीवर गुलाबी. उंबऱ्यावर गुलाबी. पाऊल म्हणावं असं काही नव्हतं, नुसते पुसट फराटे, पाय न उचलता कुणी चालत यावं तसे. तो ओणवा होऊन फवारत गेला आणि फराटे त्याच्यापुढे उमटत गेले, मधल्या खोलीत, पलंगापर्यंत, पलंगाच्या त्या बाजूला.

स्वतःच्या उशीवर त्याने फवारलं. पांढरी. तुलना हवीच.

मग उत्कर्षाच्या उशीवर.

अभ्र्यावर हळूहळू एक पंजा वर आला. उशीखाली हात घालून झोपतात तसा नव्हता. उशीवर पालथा टेकलेला, बोटं त्याच्या बाजूला, त्याची पाठ जिथे असायची तिकडे. उत्कर्षाचा हात एवढासा. चिंचणीच्या जत्रेत कासारीण तिला म्हणायची, "तुला पोरीच्याच बांगड्या होतात गं." कैलासने आपला पंजा त्या ठशावर, न टेकवता, धरून बघितला. ठसा त्याच्या पंजाच्या चारी बाजूंनी बाहेर उरत होता. आणि चिंध्या लोंबाव्यात तशी ठशाची बोटं टोकाला निमुळती होत आणखी लांब गेली होती, गुलाबी रंग अजून पुढे सरकतच होता.

त्याने बाटली ठेवून दिली. पुढे कुठवर रंग जातो, ते त्याने बघितलं नाही.

कित्येक दुपारी? पहिल्या खळग्यापासून? तो रोज कडेला सरकत होता. रोज जागा करून देत होता.

येसूबाई म्हणाल्या तसंच करायचं, असं ठरवून त्याने ओट्यावरची परात उचलली आणि दुसरी घ्यायला बाहेरच्या खोलीत आला. दिवा विझला होता. तेल अर्ध्यावर होतं, वात कोरडी नव्हती, तरी विझला होता. कैलास खाली वाकला.

दिव्याच्या परातीत इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी उमटलं होतं. एक पाऊल. छोटं, नाजूक, टाच नीट उठलेली. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या बुडाशी आडवी बारीक खाच होती, जोडव्याची. स्मशानात नेताना येसूबाईंनी हट्टाने तिच्या पायात ठेवलेली तीच जोडवी.

म्हणजे ती आली होती. की पहिल्यापासून इथेच होती, पिठावर पाय न देता, घरातल्या बाईला कशाला पाहुण्यासारखी खूण सोडावी लागेल?

त्या पावलाची बोटं दाराकडे होती. बाहेर.

कैलास तिथेच फरशीवर बसला. तिच्या जागेवर आज तिने दुसऱ्या कुणाला तरी निजलेलं पाहिलं होतं, आणि नवरा पाठ करून गप्प पडला होता. तो वळला असता तर? नुसती मान फिरवून, "ही जागा माझ्या बायकोची आहे," एवढं म्हणाला असता तर? तो हुंदके देऊन रडला. स्मशानात रडला नव्हता तेवढा रडला, आणि ते पाऊल मोडू नये म्हणून तोंड बाजूला करून रडला.

७

संध्याकाळी भरतीच्या वेळी त्याने दोन्ही पराती समुद्रावर नेल्या. पाऊल असलेली परात किती वेळ हातात धरून उभा होता कोण जाणे. लाटेनेच ती शेवटी ओढून घेतली. हे तुझं घर नाही, असं तो एकदा बोलला. कुणाला बोललो, ते त्याचं त्यालाच नीट कळलं नाही. परत येताना त्याने मागे बघितलं नाही. मांडवाखाली बोंबील गोळा करणाऱ्या येसूबाईंनी त्याला रिकाम्या हातांनी येताना पाहिलं आणि नुसती मान डोलावली.

त्यांचं खरं ठरलं. घर मोकळं झालं. ओट्यावर काही सरकेना, चादर ताणली जाईना. कैलासने अभ्रे धुतले, काळा कागद काढून टाकायचा म्हणून एक कोपरा सोडवलासुद्धा. आनंदाने विचारलं तर म्हणाला, "तुझं बरोबर होतं. मीच खात होतो." आनंदा समाधानाने हसला आणि मंडळाचा कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे, याल ना, असं विचारू लागला. कैलास येतो म्हणाला.

रविवारी तो गेला नाही. सकाळी बसमधून उतरून, मांडवांमधून चालत, कुलूप काढून दारात उभा राहिला. आत काहीही नव्हतं. आधीच्या दिवसांत होतं तसं नव्हतं, की कुणी असेल असं वाटावं आणि नसावं. आता कुणीच नव्हतं, हे नक्की होतं. प्रयोगाने सिद्ध झालेलं होतं. फ्रिजसुद्धा त्या वेळी बंद होता. हातातली किल्ली त्याने खुंटीला लावली, त्याचा आवाज तिन्ही खोल्यांत जाऊन परत आला.

तो स्वयंपाकघरात गेला. चहाचं आधण ठेवलं. एका कपाचं पाणी घातलं, मग थांबून आणखी एका कपाचं. चहा झाला तेव्हा चांगला झाला होता; पाणी आणि साखर अगदी बेताची.

दुसरा कप त्याने ओट्यावर ठेवला. पराती नव्हत्या, म्हणून ताट घेतलं. डब्यातून नव्या तांदळाचं पीठ काढून त्यावर ओतलं आणि पत्रिकेच्या कडेने सपाट केलं. देव्हाऱ्यातला दिवा हाताशी होता, काडेपेटी शेजारीच होती. नाव एकच घ्यायचं होतं, आणि ते त्याला पाठ होतं.

त्याने दिवा लावला नाही. नावही घेतलं नाही.

मधल्या खोलीत जाऊन कागदाचा सुटलेला कोपरा त्याने पुन्हा चिकटवला, भिंतीच्या कडेला सरकून पडला आणि पाठ करून डोळे मिटले.